काठावर बसणाऱ्याचं काम

आमच्या दुकानात शिरलं की समोरच्या भिंतीवर तीन फ्रेमा दिसतात. एक लक्ष्मीची, एक खतं-औषधं विकायच्या परवान्याची आणि एक माझ्या बी.एस्सी.च्या डिग्रीची. हे दुकान काढायला डिग्री लागते. आमच्या ह्यांच्याकडे बारावीच्या दोन मार्कलिस्टा होत्या, पण दोन्ही मिळूनसुद्धा पास होता येत नव्हतं, म्हणून परवाना माझ्या नावावर. श्रीगोंद्याच्या बाजारात मात्र दुकान ह्यांचंच समजतात, आणि कुणाचा गैरसमज दूर करायची ह्यांनी कधी घाई केली नाही. उसाला हुमणी लागली की कुठलं औषध किती पाण्यात टाकायचं ते मी काउंटरवरून सांगते. हे बाहेर खुर्ची टाकून कारखान्याची निवडणूक कोण जिंकणार ते सांगतात. माझी काही तक्रार नाही, असं मी विचारणाऱ्याला सांगत आले आहे.

आमच्या धंद्यात कंपन्या दुकानदारांना दरवर्षी सहलीला नेतात. ठरलेला माल खपवला की विमानाचं तिकीट. आवळा देऊन कोहळा काढायची जुनीच रीत, आता आवळ्याबरोबर समुद्रकिनारा देतात एवढंच. माल मी खपवते, सहल परवान्याच्या नावानं मंजूर होते आणि दुकानाचे प्रतिनिधी म्हणून विमानात हे बसतात. थायलंडला दोनदा जाऊन आले, बालीला एकदा. थायलंडहून आले तेव्हा मी फोटो बघायला मागितले, तर सहा दिवसांत फक्त हत्तीबरोबरचेच फोटो निघाले. माणसाला हत्तीचं एवढं वेड आहे हे लग्नाच्या बोलणीत कुणी सांगितलं नव्हतं. समुद्रात उतरलात का म्हणून विचारलं, तर म्हणाले, "न्हाई जमलं, येळच न्हाई मिळाला." हत्ती फार वेळ खातात, हे खरं आहे.

यंदा कंपनीनं सहल सपत्नीक ठेवली. कुठल्याशा दुकानदाराच्या बायकोनं कंपनीच्या साहेबाला थेट फोन लावून, तुमचे हत्ती नेमके कसे असतात, असं विचारलं होतं म्हणे. त्या बाईला मी ओळखत नाही, पण तिचं कल्याण होवो. जायचं होतं अंदमानला, संक्रांत झाल्यावर. कार्यक्रमपत्रिकेत लिहिलं होतं: पहिला दिवस स्नॉर्केलिंग, दुसरा दिवस स्कूबा डायव्हिंग. तो कागद मी किती वेळा वाचला ते सांगितलं तर हसाल.

मला पाण्याचं एवढं काय, ते आधी सांगते. माझं माहेर शेवगावकडचं. मळ्यात दगडी विहीर, सात परस, म्हणजे सात पुरुष खोल, एका अंगानं पायऱ्या. पाऊस चांगला झाला की दिवाळीला पाणी वरच्या पायऱ्यांशी असायचं, आणि दिवाळीच्या सुट्टीत चुलते पोरांना पोहायला शिकवायचे. पाठीला वाळका भोपळा बांधायचा, कमरेला दोर, आणि द्यायचं ढकलून. माझा भाऊ माझ्याहून दोन वर्षांनी लहान. तो सातव्या वर्षी शिकला. तेव्हा मी नऊची, परकर खोचून त्याच्या शेजारीच तयार उभी होते. चुलते म्हणाले, "पोरीच्या जातीला काय करायचं पवून? तू कापडं सांभाळ."

मग मी कपडे सांभाळले. जोडीला आणखी एक काम मिळालं. बुडी मारून कोण जास्त वेळ खाली राहतो याची पोरं शर्यत लावायची, आणि मोजायला भरवशाचं माणूस लागायचं. मनात मोजलं तर लबाडी केलीस म्हणायचे, म्हणून मी मोठ्यानं मोजायची. एक, दोन, तीन. तिसाच्या पुढं गेलं की मी मोजता मोजता काठावरून वाकून बघायची. पाणी हिरवंगार, खालचं काही दिसायचं नाही, नुसते बुडबुडे, आणि मग तेही थांबायचे. भावाला माझी ही भीती ठाऊक होती, म्हणून तो मुद्दाम दोन-चार आकडे जास्त खाली राहायचा. वर आला की केसांतलं पाणी माझ्यावर झाडून विचारायचा, "किती?" मी आकडा सांगायची. चार दिवाळ्या मी हे काम केलं आणि माझा आकडा एकदाही चुकला नाही. पाण्यात मात्र माझा घोटासुद्धा कधी बुडाला नाही.

लग्न करून आले ते थेट विहिरीतल्या वीराच्याच घरी. आमचे हे पंचक्रोशीत बुडीसाठी प्रसिद्ध. कुणाची कळशी विहिरीत पडली, मोटरचा पाना पडला, की ह्यांना बोलावणं यायचं. अंदमानचं ठरल्यावर ह्यांनी ऑनलाईन एक काचेचा मुखवटा मागवला आणि आमच्या शेततळ्यात सराव सुरू केला. शेततळ्यात बघायचं काय, तर तळाचा काळा प्लास्टिकचा कागद आणि त्यावरचं शेवाळ. पण हे रोज संध्याकाळी उतरायचे. कागदावरून पाय घसरतो म्हणून टायर बांधलेला दोर सोडून ठेवलेला असतो, त्याला धरून खाली बसायचे. दम धरून. मोजायला मी होतेच. माझा त्या कामातला अनुभव बघता दुसऱ्या कुणाला बोलावणं बरं दिसलं नसतं.

"किती झालं?" तोंड वर काढून विचारायचे.

"बेचाळीस."

"बघ. समुद्रात तर मिठाचं पानी, तिथं साठीपतुर जाईल."

मिठाच्या पाण्यात दम जास्त वेळ का टिकावा हे माझ्या बी.एस्सी.त शिकवलं नव्हतं. मी एकदा म्हणाले, मीही उतरून बघू का जरा? तर म्हणाले, "आता ह्या वयात कुटं? बुडलीस बिडलीस तर दुकान कुनाच्या परवान्यावर चालवू?" प्रेम म्हणतात ते हेच असावं.

अंदमानला पोचलो. पहिल्या दिवशीचं स्नॉर्केलिंग सगळ्यांना होतं. डोळ्यांना आणि नाकाला मिळून एक काच, तोंडात वाकडी नळी, आणि पाण्यावर पालथं पडून खाली बघायचं. आम्ही बायका पंजाबी ड्रेसवर नारंगी जाकिटं घालून एका मोठ्या रबरी रिंगणाला धरून ओळीनं तरंगत होतो आणि एक गाईड आम्हाला ओढत होता. ह्यांनी जाकीट घ्यायला नकार दिला. "आमी विहिरीत पवलेली मानसं हाय," असं सांगून बोटीवरून जो सूर मारला, त्यात काच कपाळावर गेली, नळीत पाणी भरलं आणि ते सगळं ह्यांच्या पोटात. वर येऊन गाईडलाच झापलं, पाणी फार खारट आहे म्हणून. गाईडनं माफी मागितली. पाहुण्यांच्या बाबतीत ती माणसं खरंच फार नम्र आहेत.

मी तोवर तोंड पाण्यात घातलं होतं. घातलं आणि काढायचं विसरले. खाली उजेड होता. विहिरीच्या काठावरून मला कधी दिसलं नव्हतं ते सगळं इथं ढळढळीत दिसत होतं. वाळू, दगड, दगडांमधून फिरणारे पट्ट्यापट्ट्यांचे मासे, त्यांच्या सावल्या. शेजारची पाथर्डीची बाई माझी ओढणी ओढून म्हणत होती, अहो चला, चहा गार होतोय. मी हात झटकला. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाच्या चहाची पर्वा केली नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण उद्या स्कूबा होतं. पाठीला हवेची टाकी बांधून पार तळाशी जायचं. वरून बघितलं होतं ते जवळून बघायचं. मला दुसरं काही नको होतं, ना तिथल्या बाजारातल्या मोत्याच्या माळा, ना शिंपल्यांचे आरसे.

सकाळी कंपनीच्या माणसानं कुपनं वाटली. दुकानामागे एक. जोडप्यातल्या एकानं उतरायचं, दुसऱ्यानं किनाऱ्यावर नारळपाणी प्यायचं. कुपन परवान्याच्या नावानं, म्हणजे माझं नाव छापलेलं. ते माझ्या हातात पडायच्या आत ह्यांच्या हातात होतं. "घरातलंच हाय," हे म्हणाले, आणि त्या माणसाला सांगितलं, "हिला पान्याची लई भ्या वाटती." मला पाण्याची भीती वाटते ही बातमी मला त्याच वेळी कळली.

तुम्ही म्हणाल, मग बोलायचं होतंस. खरं आहे. काउंटरवर मी कुणाला ऐकत नाही, तालुक्यातले भलेभले बागायतदार माझ्याकडून बोलणी खाऊन गेले आहेत. पण पाण्याच्या काठावर आले की माझ्या तोंडाला कुलूप लागतं आणि हात आपोआप कपडे धरायला पुढं होतात. चार दिवाळ्यांची सवय आहे. मी ह्यांचा टॉवेल, घड्याळ आणि मोबाईल घेतला आणि इतर बायकांबरोबर झाडाखाली प्लास्टिकच्या खुर्चीत बसले. रागानं माझे कान तापले होते, आणि राग सगळा माझा माझ्यावरच होता.

शिकवणारा तिशीतला, हिंदी बोलणारा. छातीइतक्या पाण्यात ह्यांना उभं करून त्यानं पाठीला टाकी चढवली. आमच्या फवारणीच्या पंपासारखीच, फक्त जड. तिच्यातून एक नळी तोंडात. नियम एकच, तो त्यानं तीनदा सांगितला: साँस मत रोकना. श्वास रोखायचा नाही. आत घ्या, बाहेर सोडा, चालू ठेवा, बास.

हे खाली बसले. तोंड पाण्यात गेलं मात्र, ह्यांनी गाल फुगवले, छाती पुढं काढली आणि दम धरला.

मी खुर्चीतून बघत होते. बुडबुडे नाहीत. शिकवणाऱ्यानं खूण केली, श्वास घ्या. ह्यांनी हात हलवून सांगितलं, अजून आहे. आणि होताच की, बेचाळिसापर्यंत असतो. पंधरा, वीस, तीस, मी सवयीनं मोजू लागले होते. चाळिसाला हे धापा टाकत वर आले आणि अभिमानानं म्हणाले, "बघा." त्या गरिबानं कपाळाला हात लावला. पाठीला हवेनं भरलेली टाकी, तोंडात नळी, आणि हा माणूस दम धरून बसलेला.

पुन्हा खाली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तेच. ह्यांचीही चूक म्हणता येणार नाही. विहिरीत शिकलेल्या माणसाची छाती वयाच्या सातव्या वर्षी एकच गोष्ट शिकते, पाण्यात तोंड गेलं की दम धर, आणि चाळीस वर्षांनी तिला कुणी हिंदीत उलटं सांगितलं तर ती ऐकत नाही. चौथ्यांदा ह्यांनी नळी थुंकूनच टाकली आणि किनाऱ्यावर येऊन जाहीर केलं, की नळी खराब आहे, टाकीत हवा कमी भरली आहे आणि या लोकांना काही येत नाही. नाचता येईना अंगण वाकडं. शिकवणाऱ्यानं शांतपणे समजावलं, की खाली जाऊन श्वास रोखला तर फुप्फुसाला इजा होते, म्हणून तो ह्यांना नेणार नाही. मग त्यानं कुपन हातात घेतलं, त्यावरचं माझं नाव वाचलं आणि विचारलं, ह्या बाई कोण आहेत?

मी उभी राहिले. उभी राहायच्या आधी काही ठरवलं होतं असं नाही.

"अगं, तुला कुटं पवायला येतंय?" हे म्हणाले.

शिकवणारा म्हणाला, पोहता यायची गरज नाही, श्वास घेता येतो ना? मी म्हणाले, अठ्ठेचाळीस वर्षं घेतेय.

काळा रबरी पोशाख अंगात चढवायला दोन बायका लागल्या. गळ्यात काही ठेवू नका, असं शिकवणाऱ्यानं सांगितलं, म्हणून मी मंगळसूत्र काढून ह्यांच्या हातात दिलं. ह्यांच्या ओल्या चड्डीला खिसा नव्हता, वाळूत पडलं तर सापडायचं नाही. इकडं तिकडं बघून ह्यांनी ते स्वतःच्याच गळ्यात घातलं. माझी चप्पल, पर्स आणि वाचायचा चष्मा मांडीवर घेऊन हे माझ्या खुर्चीत बसले, बायकांच्या ओळीत. पाथर्डीच्या बाईनं ह्यांना नारळपाणी दिलं.

मी पाण्यात बसले. नळीतून पहिला श्वास घेतला, घर्र असा आवाज झाला आणि माझी पाचावर धारण बसली. सोंग कशाला करू, मी घाबरले. परत वर यावं, मुकाट्यानं खुर्चीत जाऊन बसावं असं वाटलं. तेवढ्यात मी मोजायला लागले. मनातल्या मनात, पण मोठ्यानं मोजल्यासारखं. एक म्हणून श्वास आत, दोन म्हणून बाहेर. विहिरीच्या काठावर मी हेच तर करत होते. पोरं खाली दम धरायची आणि मी वर मोजत श्वास घ्यायची. मोठ्यानं मोजायचं तर दम धरून चालतच नाही. शिकवणाऱ्यानं माझ्या बुडबुड्यांकडं बघितलं आणि बोटांनी छान अशी खूण केली. मग माझ्या पाठीचा पट्टा धरून तो मला खाली घेऊन गेला.

आमच्या मापानं तीन परस असेल. कान दुखले, शिकवल्याप्रमाणे नाक दाबून फुंकर मारली, मोकळे झाले. टीव्हीवर दाखवतात तसे भडक रंग तिथं नव्हते, हे आधी सांगते. पोवळं बरंचसं मातकट, फुलकोबीच्या गड्ड्यांसारखं. पण त्याच्यात जी वर्दळ होती! निळे मासे, पिवळे मासे, एक चपटा, काळ्या पट्ट्यांचा, माझ्या काचेसमोर येऊन थांबला. मी कोण, कुठली, मला पोहता येतं की नाही, त्याला काही देणंघेणं नव्हतं. वाळूत दोडक्यासारखं काहीतरी पडलं होतं, ते हळूच सरकलं. मी हात पुढं केला तर हातासमोरून चांदीच्या रंगाचे शेकडो बारके मासे वळले, सगळे एकदम. आणि आवाज फक्त माझ्या श्वासाचा. एक. दोन.

मला रडू आलं. काचेच्या आत रडण्यासारखा मूर्खपणा नाही, कारण डोळे पुसता येत नाहीत. पण मला फार वाईट वाटलं, त्या नऊ वर्षांच्या पोरीचं, जी कपड्यांचा गठ्ठा घेऊन बसली होती आणि जिला कुणी हे दाखवलं नाही. विहिरीच्या तळाला मासे नव्हते, मला माहीत आहे. तरी वाटलं.

वीस मिनिटांनी वर आले. हे पाण्याच्या कडेला येऊन उभे होते, गळ्यात मंगळसूत्र, हातात चप्पल. म्हणाले, "लई येळ लावला."

त्या संध्याकाळी हॉटेलच्या गॅलरीत बसून ह्यांनी मला विचारलं, "कसं हुतं गं खाली?" आणि मी सगळं सांगितलं. कान कसे दुखतात, चांदीचे मासे कसे वळतात, दोडका कसा सरकतो. हे मध्ये मध्ये विचारत होते, मग पुढं? रंग कोणता? किती लांब? मला इतकं बरं वाटलं. सव्वीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा ह्यांनी माझं एवढं ऐकून घेतलं होतं. मला वाटलं, माणूस ऐकतोय. माणूस पाठ करत होता.

कारण श्रीगोंद्यात परतल्यावर दुसऱ्याच दिवशी दुकानाबाहेर खुर्ची पडली आणि तणनाशक घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकानं विचारलं, "काय मालक, समुद्रात गेल्ता म्हनं?"

"गेल्तो की. पार बुडापतुर."

"मासं हुतं का?"

"मासं? आरं, चांदीवानी. शेकड्यानं. हात केला की समदे एकदम वळत्यात. आन् खाली एक दोडका हाय, जित्ता."

मी आत बिलं फाडत होते. माझा पट्टेरी मासा, माझा दोडका, माझे दुखलेले कान, सगळं ह्यांनी उचललं होतं. एकानं विचारलं, दम किती वेळ धरला? हे म्हणाले, साडेतीन मिनिटं. पाठीला टाकी असताना दम कशाला धरायचा, असं ह्यांना कुणी विचारलं नाही, कारण आमच्या भागात पाण्याखाली जाऊन दम न धरणारा माणूस कुणी पाहिलेलाच नाही. फेब्रुवारी गेला, मार्च गेला, उसाला पाणी कमी पडलं, पण ह्यांच्या समुद्राला भरती कायम. मी गप्प होते. म्हटलं, परवान्यासारखंच आहे हे, नाव माझं, खुर्ची ह्यांची. आणि माझ्या मोबाईलमध्ये एक फोटो होता. पाथर्डीच्या बाईनं काढलेला आणि फक्त मला पाठवलेला. तो बघून मी एकटीच हसायची.

जूनमध्ये माझा भाऊ आमच्याकडच्या एका लग्नाला आला आणि मला भेटायला दुकानात आला. ह्यांनी त्याला बसवलं, चहा मागवला आणि अंदमान सुरू केलं. भाऊ तोंड उघडं ठेवून ऐकत होता. चांदीचे मासे वळून झाले, दोडका सरकून झाला. मग त्यानं मान वळवून माझ्याकडं बघितलं आणि हसून म्हणाला, "आन् ताई, तू काय केलं मग? बसली असशील काठावर कापडं सांभाळीत."

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. त्याला खरोखर तेवढंच माहीत होतं. पण माझ्या डोक्यात तिडीक गेली. ह्यांनी बाजाराला काय सांगायचं ते सांगावं, पण या माणसापुढं नाही. मी मोबाईल काढला, फोटो उघडला आणि काउंटरवर त्याच्या चहाशेजारी ठेवला.

फोटोत प्लास्टिकच्या खुर्च्यांची ओळ, तिच्यात सगळ्या बायका, आणि मध्ये त्याचे दाजी. गळ्यात मंगळसूत्र, मांडीवर पर्स, एका हातात लेडीज चप्पल, दुसऱ्या हातात नारळ. मागं समुद्राच्या कडेला काळा रबरी पोशाख घालून उभी असलेली मी, ओळखू येईल इतकी स्पष्ट.

भावानं फोटोकडं बघितलं, मग ह्यांच्याकडं बघितलं. बाहेरची दोन गिऱ्हाइकंही डोकावली. मला वाटलं, आता हे चिडतील, काहीतरी थाप मारतील. ह्यांनी मोबाईल उचलून फोटो जवळून बघितला. मग म्हणाले, "तीच गेल्ती. मला न्हाई जमलं. दमच सोडता येईना."

एवढं सरळ वाक्य ह्यांच्या तोंडून मी क्वचितच ऐकलं असेल. माझा राग तिथंच अर्धा झाला, आणि त्याचाही मला राग आला.

"पर ताई," भाऊ म्हणाला, "तुला तर पवताच येत न्हाई."

"येणार कुठून? शिकवलं कुणी?"

चहा थंड झाला, त्यावर साय आली.

मी ते तिथंच सोडलं नाही. भाऊबीजेला माहेरी गेले, ह्यांना घेऊनच गेले. भावाला ओवाळलं, त्यानं ताटात साडीचं पाकीट ठेवलं. मी पाकीट उचलून परत त्याच्या हातात दिलं. म्हटलं, साडी नको, दोर काढ. त्याला कळायला वेळ लागला. मग तो म्हणाला, "आगं लोक काय म्हनतील?" मी म्हणाले, लोक अंदमानलाही काहीतरी म्हणतच असतील, मला ऐकू आलं नाही, मी पाण्याखाली होते.

विहीर यंदा वरच्या पायऱ्यांपर्यंत भरलेली. भोपळा आता कुठून मिळणार, भावानं फवारणीच्या औषधाचा रिकामा कॅन धुऊन, बूच घट्ट लावून माझ्या पाठीला बांधला. औषध विकणारीला तेच शोभतं. पंजाबी ड्रेसवर कमरेला दोर, दोराचं टोक भावाच्या हातात. चुलते आता खूप थकलेत, त्यांना खाटेसकट बांधावर आणून बसवलं होतं. ते नुसते बघत होते. तीन दिवस मी हातपाय मारले, नाकातोंडात पाणी गेलं, गुडघे पायरीवर सोलवटले, आणि चौथ्या दिवशी मी कॅनशिवाय या अंगापासून त्या अंगापर्यंत जाऊन आले. शैली विचारू नका, पण आले.

मग मी ह्यांना म्हटलं, आता बुडी मारते. तुम्ही मोजा. मोठ्यानं.

हे काठावर बसले होते. गळ्यात मंगळसूत्र, कारण आता त्यांना ती जागा माहीत झाली आहे, आणि मांडीवर माझा टॉवेल, माझी चप्पल. मी पाण्यातल्या पायरीला धरलं, छाती भरून घेतली आणि खाली गेले. इथं टाकी नव्हती, इथं दमच धरायचा होता. डोळे उघडले तर नुसतं हिरवं. मी माझं माझं मोजत होते. अठराला छातीत धडधडायला लागलं. विसाला वाटलं, आता पुरे. आणि मग मला आठवलं, एक पोरगं मुद्दाम खाली राहायचं ते. मी आणखी दोन आकडे राहिले.

वर आले तर हे उभे होते. मोजणं थांबलेलं. माझी चप्पल छातीशी धरून भावाला म्हणत होते, "ओढ की रं, ओढ तिला वर."

मी केसांतलं पाणी ह्यांच्या अंगावर झाडलं आणि विचारलं, "किती?"

ह्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा पाण्याकडं. "इसरलो," म्हणाले.

"बावीस," मी सांगितलं, आणि पुन्हा खाली गेले.